फोन माझा, किल्ली कुणाची?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री फोनच्या पडद्यावर एक निरोप उमटला. तुमच्या फोनसाठी नवी प्रणाली तयार आहे. फोन चार्जरला लावून ठेवा, पहाटे बसवून टाकू का? खाली दोन पर्याय होते, 'आता' आणि 'नंतर'. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसापुढे 'नंतर' हा पर्याय ठेवला, की तो दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही. मी 'नंतर' दाबलं आणि झोपलो.

सकाळी भाचा आला. बहिणीचा हा धाकटा मुलगा अमरावतीला संगणकाचं शिकतो. सणाला नेरला आला, की एकदा तरी आमच्याकडे चहाला येतो आणि माझा फोन उचलून त्याची नाडी बघतो. मी रात्रीच्या निरोपाचं सांगितलं, तसा तो खुर्चीत सरसावून बसला.

"मामाजी, टाकलं तं नाही ना अपडेट? टाकू नका. आधी रूट करून घेऊ."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत घेतलेला हा फोन. त्यातली निम्मी जागा मी कधीही न मागितलेल्या वस्तूंनी भरलेली आहे. खेळ आहेत, खरेदीची दुकानं आहेत, दोन-दोन न्याहाळक आहेत. एकही काढून टाकता येत नाही; फार तर 'निष्क्रिय' करता येतो, म्हणजे पाहुणा जेवायला बसणार नाही, पण खोली सोडणार नाही. कंपनीने तीन वर्षं अपडेट देऊ म्हटलं होतं, तेव्हा हे बहुधा शेवटचंच. मागच्या अपडेटनंतर फोन दुपारीच धापा टाकू लागला होता. भाच्याचं म्हणणं असं, की रूट केलं की फोनवर संपूर्ण ताबा आपला. नको ते काढा, हवं ते घाला. पण त्याच्याजवळची कृती सध्याच्या आवृत्तीची होती. नव्या आवृत्तीवर ती कुणी करून बघितलेली नव्हती, आणि एकदा पुढे गेलं की मागे येण्याची वाट कंपनी बहुतेकदा बंद करते. म्हणून घाई. पुन्हा रूट केलेल्या फोनवर कंपनीचं अपडेट सरळ बसत नाही, म्हणजे एक घेतलं की दुसरं हातचं जायचं.

आता 'रूट' म्हणजे काय, हे घरातल्या ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली उभारायला घेतली. तिच्यातल्या सगळ्या फायली उलट्या झाडासारख्या मांडलेल्या असतात, मूळ वर आणि फांद्या खाली. त्या मुळापासून सर्वांवर ज्याची सत्ता चालते, त्या वापरकर्त्याचं नाव 'रूट'. त्याला कुणी अडवत नाही, कुणी 'नक्की ना?' असं विचारत नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि त्या गाभ्यावर अँड्रॉइड उभं राहिलं, ज्याचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये हा रूट बसलेला आहे. फक्त त्याची किल्ली फोन विकत घेणाऱ्याला देत नाहीत.

भाचा हे मला समजावून सांगू लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. रूटची आणि माझी ओळख त्याच्या जन्माआधीची आहे.

बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचे दोन अहवाल आले, १९८४ आणि १९८९ मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेत युनिक्सवर चालणारं यंत्र आलं. शाखेत साहेबांना पंखा होता, पण यंत्राला वातानुकूलित काचेची खोली मिळाली. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो, देवघरात जावं तसे. त्या यंत्राच्या रूटचा परवलीचा शब्द एका लखोट्यात घालून, लाखेची मोहोर करून, तिजोरीत ठेवलेला असे. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन वेगळ्या माणसांकडे. लखोटा काढायचा तर दोघांनी हजर राहायचं. कधी, कुणी आणि कशासाठी काढला, हे नोंदवहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या. काम झालं की शब्द बदलून नवा लखोटा. तेव्हा आम्ही या सोपस्काराला हसायचो.

एका वार्षिक हिशेबाच्या रात्री प्रिंटर अडला. छपाईला लावलेल्या फायली साचून राहिल्या होत्या आणि कुणाच्याच सांगण्याने हलत नव्हत्या. रीतसर लखोटा काढला, सह्या झाल्या आणि एक तरुण अधिकारी रूट होऊन यंत्रापुढे बसला. त्याला साचलेल्या फायली पुसायच्या होत्या. आज्ञा लिहिताना त्याने जागा चुकवली आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी पुसल्या. यंत्राने चकार शब्द काढला नाही. आदल्या रात्रीची टेप होती म्हणून शाखा वाचली, पण ३१ मार्चचा अख्खा दिवस आम्ही कागदी व्हाउचरांवरून पुन्हा चढवला. पहाटे चार वाजता शिल्लक जुळली, तेव्हा रोखपालाने माझ्याकडे नुसतं बघितलं. तो तरुण अधिकारी मी होतो.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामाजी, तो बँकेचा संगणक होता. हा तुमचा फोन आहे. पैसे तुम्ही मोजले."

हा मुद्दा मला खोडता आला नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं हाच वाद घातला. ट्रॅक्टर त्यांच्या मालकीचा, पण त्यातल्या संगणकाला कुलूप. साधा बिघाड झाला तरी कंपनीचा माणूस यायची वाट बघायची आणि इकडे पीक उभं. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीच्या हक्काबाबत समझोता केला. तरीही जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच प्रश्नावर कंपनीवर दावा लावला. आमच्या तालुक्यात कापूस वेचणीला आलेला असताना ट्रॅक्टर असा अडून बसला, तर लोक काय म्हणतील, ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. युरोपने २० जून २०२५ पासून नियम केला, की फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं कंपनीने अपडेट दिलं पाहिजे. माझ्या तीन वर्षांच्या फोनला हे कळलं, तर तो युरोपात जन्म मागेल.

बसस्थानकाजवळ फोन दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथेही विचारलं. पोरगा हुशार आहे. म्हणाला, "काकाजी, पाचशे लागतील. पण मंग बँकेचं अ‍ॅप बंद पडलं तं मले म्हणू नका."

ही मात्र माझ्या प्रांतातली गोष्ट होती. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेबद्दल बँकांना निर्देश दिले. ग्राहकाचा फोन रूट केलेला आहे का हे तपासावं आणि असेल तर अ‍ॅप चालूच होऊ देऊ नये, अशी सोय करण्याची शक्यता बँकांनी पडताळून पाहावी, असं त्यात आहे. 'शक्यता पडताळून पाहावी' ही रिझर्व्ह बँकेची भाषा मी उभा जन्म वाचली आहे. तिचा अर्थ 'करा' असाच घ्यायचा असतो. रूट लपवून अ‍ॅपला फसवण्याच्या युक्त्या आहेत, असं भाचा म्हणतो. ज्याने अर्धं आयुष्य लोकांच्या सह्या पडताळण्यात घालवलं, त्याने साठी उलटल्यावर बँकेशी लपाछपी खेळावी, हे काही मनाला पटेना.

शिवाय ही तपासणी केवळ खोडसाळपणा नाही. पूर्वी फोन रूट करायला प्रणालीतली एखादी फट शोधावी लागे. २००७ पासून लिनक्समध्ये राहून गेलेली 'डर्टी काऊ' नावाची अशी एक फट २०१६ मध्ये उघडकीस आली. तिच्यातून हौशी लोक आपापल्या फोनचे मालक झाले. पुढच्याच वर्षी त्याच फटीतून शिरणारं एक चोरटं अ‍ॅप चाळीसहून अधिक देशांत सापडलं आणि बळी पडलेल्यांत सर्वाधिक चीनचे आणि आपल्या भारतातले होते. फट मालकाला आणि चोराला सारखीच वाट देते. अपडेट म्हणजे बहुतांशी ती फट लिंपणं. माझ्या फोनवर पेन्शन दिसते, विजेचं बिल जातं, किराणा दुकानदाराचे पैसे चौकोनी चित्रावर फोन धरून चुकते होतात. सौ.च्या नावावर गावाजवळ सहा एकर आहे. तिथे धुऱ्यावर उभं राहून कपाशीचा आणि तुरीचा फोटो काढून ई-पीक पाहणी याच फोनवरून नोंदवतो. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची असते. भाच्याच्या मते फोन माझा होता. पण त्याच्यावर बँक, सरकार आणि सौ., असे तिघे विसंबून होते.

सौ. इतका वेळ तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. त्यातल्या आवाजांचं काय?"

माझ्या हातातला कप थांबला. गेल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या फिटरच्या नऊ बैठका फोनवर मुद्रित केल्या होत्या. त्यांची सारी हयात जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. रेच्यांचे आवाज, गाठी बांधतानाची हाळी, हंगामात गाड्यांच्या रांगा कुठवर लागायच्या, हे सगळं ते त्यांच्या वऱ्हाडीत सांगायचे. कादंबरीसाठी म्हणून सुरू केलं. कादंबरी दुसऱ्या प्रकरणात अडली आहे आणि मे महिन्यात ते गेले. त्या नऊ बैठका जगात एकाच जागी होत्या, माझ्या फोनमध्ये.

आणि फोनचं कुलूप अधिकृतपणे काढायचं, तर आतलं सगळं पुसलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन फोनच्या आवृत्तीच्या क्रमांकावर सात वेळा टिचकी मारायची (सप्तपदीची ही कल्पना कुणाला सुचली कोण जाणे), की एक गुप्त दालन उघडतं. तिथून परवानगी मिळते, पुढे संगणक जोडून कुलूप निघतं आणि त्याच क्षणी फोन कोरा होतो. यामागचा हेतू चांगला आहे. चोराने पळवलेल्या फोनचं कुलूप काढलं, तरी त्याच्या हाती मालकाचं काही लागू नये. पण विसरभोळ्या मालकालाही तोच न्याय. भाचा ओशाळून म्हणाला, "मी विचारणारच होतो मामाजी, बॅकअप घेतला का म्हणून." विचारणार असेलही. मीही त्या ३१ मार्चला जागा पुन्हा तपासणारच होतो.

त्या दिवशी रूट झालं नाही आणि अपडेटही झालं नाही. दुपारभर आम्ही आवाज उतरवून घेत होतो. आठ बैठका सहज आल्या. सातवीची फाईल दोनदा अर्ध्यावर अडली, तिसऱ्यांदा आली. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, ती सौ.ने दागिन्यांच्या डब्यात ठेवली. सातवी पूर्ण आली का, हे बघायला म्हणून लावली आणि तिघंही शेवटपर्यंत ऐकत बसलो. मध्ये एका ठिकाणी ते खोकतात आणि "थांबा जी, पानी पेतो" म्हणतात.

रात्री फोन चार्जरला लावला आणि 'आता' दाबलं. सकाळी फोन ठणठणीत होता. नको असलेले पाहुणे होते तसेच होते, एक नवा आला होता.

भाच्याचा विरस मात्र मला बघवेना. कपाटात सौ.चा जुना फोन पडला होता. कोपऱ्यात तडा गेलेल्या त्या फोनला कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. ना सिमकार्ड, ना बँक. तो काढून दिला. सायनोजेनमॉड नावाची एक प्रणाली हौशी लोक मिळून चालवत असत. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद पडली आणि तिच्यातून लिनिएज-ओएस निघाली. कंपन्यांनी टाकून दिलेले कितीतरी फोन तिच्यावर चालतात. भाच्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला, आधी ती बसवली आणि मग रूट करायला घेतलं. मध्येच फोन नुसत्या बोधचिन्हावर गरगरत राहिला. अर्धा तास तो आणि मी एकमेकांशी बोललो नाही. मला ती काचेची खोली आठवत होती. शेवटी त्याला चूक सापडली, चुकीच्या आवृत्तीची फाईल घेतली होती. दुसऱ्या खेपेला पडदा उजळला. फोन खरंच हलका झाला आहे. आता त्यावर सौ. गाणी ऐकते आणि मी फिटरबुवांच्या बैठका लावून टिपणं काढतो.

पहिल्यांदाच एका अ‍ॅपने रूटचे अधिकार मागितले, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: परवानगी द्यायची का? सवयीने माझं बोट 'नाही'वर गेलं. भाचा हसला. मग मी उठून जुनी डायरी आणली, तारीख, वेळ, कारण लिहिलं आणि खाली सही केली.

"हे काय मामाजी?"

"तूही कर," मी म्हटलं. "दोन सह्या लागतात."

पेन कुठे आहे, असं तो विचारू लागला. अलीकडच्या पोरांच्या खिशात पेन नसतं. शेवटी सौ.ने दुधाच्या हिशेबाचं दिलं.