तीन प्रेस, दोनांची जागा

फिनिक्समधलं मोठं घर विकून लहान घरात जायचं ठरलं, तेव्हा गॅरेजमधल्या कामाच्या टेबलाचा प्रश्न सगळ्यात शेवटी निघाला आणि सगळ्यात जास्त रेंगाळला. टेबलावर काडतुसं भरायच्या तीन प्रेस बोल्टने आवळून बसवलेल्या होत्या. नव्या गॅरेजमध्ये गाडी आत घेतली की दोनांपुरतीच भिंत उरत होती.

अमेरिकेत नेमबाजी करणारे बरेच लोक उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या फेकून देत नाहीत. त्या गोळा करतात, साफ करतात आणि घरीच पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, भरून विकायची असतील तर लागतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्राइमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तिघांचं काम संपतं आणि पुंगळी, जी चौघांत बहुधा सगळ्यात महाग, ती हातात उरते. फक्त ती किंचित फुगलेली असते. प्रेसमध्ये डाय (साचा) बसवून ती दाबून पुन्हा मापात आणायची, जुना प्राइमर ढकलून काढायचा, नवा बसवायचा, तोंड जरासं फाकवायचं, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची आणि फाकवलेलं तोंड परत मिटवायचं. सगळा खटाटोप एवढाच.

हे घरी जमतं ते बॉक्सर प्राइमरमुळे. एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे डायमधली सुई त्यातून सरळ खाली जाऊन जुना प्राइमर पाडते. हायरम बर्डन या अमेरिकन माणसाच्या रचनेत बाजूला दोन बारीक भोकं असतात, तिथे ही सुई चालत नाही. गंमत म्हणजे इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा गावाकडून मला फोन आले की त्याचीही काडतुसं अशीच भरतात का. नाही. ती .22ची असतात. त्यात प्राइमर वेगळा नसतोच, स्फोटक मिश्रण बुडाच्या काठात भरलेलं असतं आणि बार उडताना तो काठच चेपला जातो. ती एकदाच वापरायची.

आता प्रेस. पहिली आरसीबीएसची रॉक चकर. ही कंपनी फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला सुरू केली. माझी प्रेस जुनी, ओतीव लोखंडाची, रंग उडालेली. तिला एका वेळी एकच डाय लागते. म्हणजे शंभर पुंगळ्या घेतल्या तर आधी शंभरांच्या शंभर मापात आणायच्या, मग डाय बदलून पुढची पायरी. बाजारात या जुन्या प्रेसला फारसा भाव येत नाही आणि तिच्यात बिघडण्यासारखंही काही नाही. ती ठेवायची याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

तिचा दांडा ओढताना हाताला जे कळतं ते मात्र नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर झाला. पुंगळी डायमध्ये शिरते तेव्हा चांगल्या पितळेचा विरोध सलग लागतो. बऱ्याचदा भरलेल्या पुंगळीचं पितळ कडक होतं आणि दांडा थोडा जड जातो. मान तडकलेली असेल तर विरोध अचानक सैल पडतो. डोळ्याला ती चीर दिव्याखाली फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही, हाताला आधी कळते. प्राइमर बसवताना शेवटी एक टोक लागतं. तिथे थांबून बुडावरून बोट फिरवलं की तो काठाच्या किंचित खाली गेलेला जाणवला पाहिजे. बोटाला उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला काढायचं. मी खडकीत वाढलो. 1869 साली सुरू झालेल्या तिथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत काम केलेली माणसं आमच्या आळीत होती आणि त्यांच्या बोलण्यात पितळ सतत असायचं. पितळ लक्षात ठेवतं, असं त्यांतले एक आजोबा म्हणत. दाबताना धातूत जो ताण राहून जातो त्याबद्दल ते बोलत होते, हे मला फार नंतर उमगलं.

त्या ताणाची गोष्ट आपल्याकडचीच आहे. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत आणि पावसाळा सरल्यावर बाहेर काढत, तेव्हा पुष्कळ पुंगळ्या आपोआप तडकलेल्या निघत. कारण बरीच वर्षं कुणाला सापडेना. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून केलेल्या पितळेत उरलेला ताण, या दोघांनी मिळून ते होतं, हे 1921 साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. म्हणून आजही पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने चमकवायच्या नसतात. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसांचा भुगा घातलेल्या यंत्रात त्या घोळवायच्या, तेवढं पुरतं.

दुसरी प्रेस डिलनची एक्सएल 650. माइक डिलन टीडब्ल्यूए या विमान कंपनीत वैमानिक होते. त्यांनी ॲरिझोनात उभा केलेला हा कारखाना स्कॉट्सडेलला, म्हणजे आमच्या घरापासून जवळच आहे. 650मध्ये पाच जागा असलेली एक तबकडी फिरते. पहिल्या जागेवर पुंगळी मापात येते, दुसरीवर प्राइमर बसतो आणि दारू पडते, तिसरीवर दारूची पातळी तपासणारी सळई उतरते, चौथीवर गोळी बसते, पाचवीवर तोंड मिटतं. पाची जागा भरल्या की दांड्याच्या दर ओढीला एक तयार काडतूस खालच्या ट्रेमध्ये पडतं. वर मोटारीवर फिरणारं भांडं खळखळत पुंगळ्या पुरवत राहतं. कंपनीने 2019 साली तिच्या जागी 750 आणली, पण 650 चालवणारे अजून भरपूर आहेत. सराव जोरात असला तर तासाला सातआठशे काडतुसं सहज निघतात.

ती उत्तम प्रेस आहे, यात शंका नको. पिस्तुलाच्या सामन्यांना मी दर शनिवार-रविवारी जात असे, त्या काळात तिच्याशिवाय माझं चाललं नसतं.

तिसरी ली कंपनीची क्लासिक टरेट, विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची. चार डाय लावलेली चकती वर असते आणि पुंगळी मधल्या वरखाली सरकणाऱ्या रॅमवर एकच. दांडा खाली-वर केला की पीळ दिलेल्या चौकोनी सळईमुळे चकती पाव फेरा फिरते आणि पुढची डाय डोक्यावर येते. चार ओढींत एक काडतूस. जुना प्राइमर पोकळ रॅममधून नळीत जातो, टेबलावर घाण होत नाही. सळई काढून घेतली की ती साधी एका डायची प्रेस होते. चकतीला थोडा खेळ असतो, दाब आला की ती केसभर वर उचलली जाते, पण दरवेळी तेवढीच, म्हणून मापात फरक पडत नाही. हे ज्यांना खटकतं ते तिला हलकी समजतात. मी मायक्रोमीटर लावून पाहिलं आणि समजूत सोडून दिली.

कोरा हिशेब मांडला तर उत्तर सरळ दिसतं: टरेट विकावी, 650 ठेवावी. रेंजवर भेटणाऱ्या बहुतेकांनी तेच सांगितलं. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला एक तरुण इंजिनिअर प्रेस पाहायला आला होता, तोही म्हणाला, ‘काका, तुम्ही उलटंच करताय. टरेटवर तुमचा अख्खा रविवार जाईल.’

त्याचं म्हणणं खरं होतं. पण माझं बोट दारूवर होतं. पिस्तुलाच्या काडतुसात चारपाच ग्रेन दारू असते, म्हणजे साधारण तीनशे मिलिग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलावी तशी ती तोलून दारू टाकणारा मापक बसवायचा असतो. .38 स्पेशलची पुंगळी मूळची काळ्या दारूच्या जमान्यातली, ऐसपैस. आजच्या दारूचं माप तिच्या तळाशी जेमतेम दिसतं. चुकून दुप्पट पडलं तरी ते आत निवांत मावतं, ओसंडून जात नाही. तसं काडतूस उडालं तर पिस्तुलाचे तुकडे होऊ शकतात. आणि दारू पडलीच नाही तर नुसता प्राइमर गोळीला नळीत अर्ध्यावर ढकलतो. आवाज ‘फुस्स’ असा बारीक येतो. त्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. बेन एव्हरी रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमधला तो बारीक आवाज मी ऐकला आहे. पंचाने ‘थांबा’ म्हणून ओरडून त्या माणसाचा हात रोखला. नळीत सळई घातली तेव्हा ती अर्ध्यातच अडली.

650 या चुका आपणहून करत नाही. तिची तबकडी स्वतः फिरते, त्यामुळे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणं अवघड आहे, आणि तिसऱ्या जागेची सळई माप फारच कमी-जास्त असेल तर बझर वाजवते. गडबड होते ती काम अडलं की. एखादी पुंगळी तिरकी शिरते, प्राइमर अडकतो, आपण दांडा अर्ध्यावर सोडून चिमटा शोधतो, तबकडी हाताने मागे घेतो आणि पुन्हा सुरू करतो. त्या क्षणी पाच जागांवर पाच अवस्थांतल्या पाच पुंगळ्या उभ्या असतात. कुणात दारू पडली, कुणात नाही, हे डोक्यात ठेवावं लागतं. नियम एकच: सगळ्या काढा, दारू परत ओता, पहिल्यापासून लागा. नियम मी पाळत आलो. पण अलीकडे डोळ्यांना तो पाळल्याची खात्री करून घ्यायला जास्त वेळ लागू लागला.

दुसरं कारण हाताचं. 650च्या एका ओढीत पहिल्या जागेवरच्या पुंगळीचा जोर एवढा असतो की बाकीच्या चार जागांवर काय चाललंय ते त्यात बुडून जातं. गोळी बसताना लागणारा हलका विरोध, तडकलेल्या मानेचा सैलपणा, काही वेगळं कळत नाही. टरेटवर एका ओढीला एकच काम. दारू पडली की पुढची गोळी मी हाताने ठेवतो, आणि ठेवण्याआधी पुंगळीत डोकावतोच, कारण ती एकटी समोर दिव्याखाली असते. माझ्या मते प्रेस निवडताना तासाला किती याच्या आधी हे विचारावं: दारू पडल्यावर ती माझ्या डोळ्यांसमोरून जाते का? आता सामने कमी झाले, मनगट दुखतं, महिन्याला दोनतीनशे काडतुसं पुष्कळ होतात. तेवढ्यासाठी मला वेग नको, ते डोकावणं हवं.

पैशाचा विचारही याच बाजूने पडला. वापरलेल्या टरेटला फार किंमत येत नाही. डिलनला मात्र येते, कारण कंपनीची दुरुस्तीची हमी यंत्राबरोबर चालते, दुसऱ्या मालकालाही सुटे भाग मिळतात. शिवाय डिलनमध्ये खरा खर्च प्रेसचा नसून दर कॅलिबरमागे लागणाऱ्या तबकड्या, फनेल आणि वरच्या चौकटींचा असतो. तो सगळा पसारा प्रेसबरोबरच विकावा, सुटा काढून घरात ठेवण्यात अर्थ नाही. डाय मात्र माझ्याकडे राहिल्या. त्यांच्या आट्यांचं माप, पाऊण इंचाच्या वर एक अष्टमांश, बहुतेक सगळ्या कंपन्यांचं सारखंच आहे. 650वरच्या डाय रॉक चकरमध्ये अलगद बसतात.

तो तरुण शेवटी 650 घेऊन गेला. त्याचे सामने ऐन भरात आहेत, त्याला ती शोभते. देण्याआधी मापकातली दारू मी रिकामी केली. मापकात दारू राहू दिली तर काही दारू प्लास्टिकवर डाग पाडते, आणि कुठली दारू होती हे दुसऱ्याला कधीच खात्रीने कळत नाही. शीशी बदललेली दारू फेकून द्यावी, वापरू नये. प्राइमरच्या नळ्या उलट्या करून झटकल्या. भरलेली काडतुसं त्याने मागितली, ती दिली नाहीत. माझ्या हाताने भरलेलं काडतूस माझ्याच पिस्तुलात जावं, हे मी पहिल्यापासून पाळलं आहे. एक संपूर्ण दुपार बसून त्याच्याकडून काम अडवून घेतलं: मुद्दाम तिरकी पुंगळी घाल, थांब, आता सगळ्या जागा रिकाम्या कर, पुन्हा सुरू कर. कंटाळला, पण केलं.

राहता राहिला .223 रायफलचा प्रश्न, तो अजून सुटलेला नाही. बाटलीच्या मानेसारख्या निमुळत्या पुंगळीला आधी वंगण लावावं लागतं, दर खेपेला ती लांबते म्हणून कापून मापात आणावी लागते, आणि लागतात शेकड्यांनी. रॉक चकरवर ते काम उत्तम होतं पण फार सावकाश, टरेटवर मधल्या कापणीमुळे साखळी तुटते. 2020 नंतर दोनेक वर्षं प्राइमर मिळेनासे झाले होते, तेव्हा जपून ठेवलेली शेवटची रायफल प्राइमरची पेटी अजून कपाटात आहे, घरात, गॅरेजच्या उन्हाळ्यापासून लांब. तूर्त .223 मी दुकानातून आणतो आणि रिकाम्या पुंगळ्या मापांप्रमाणे डब्यांत घालून ठेवतो.