उघडून पाहू या (भाग ६) : रिमोट ऐकत नाही, बिघाड शोधायचा कुठे?

मागच्या भागात आपण टीव्हीचा जुना रिमोट उघडला. आवाज वाढवणे, आवाज कमी करणे, पुढचे चॅनेल आणि चालू-बंद अशा चार बटणांखालच्या ठशांवर तारा जोडल्या. त्या तारा दर बटणाला एक अशा पीसी ८१७ ऑप्टोकपलरमार्फत अर्डुइनो उनो या बोर्डला आणि तिथून यूएसबी केबलने संगणकाला नेल्या. ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांना रिमोटची बारीक बटणे दाबता येत नाहीत, त्यांना कीबोर्डच्या एका मोठ्या कळीवर टीव्ही चालवता यावा, हा त्यामागचा हेतू. घरात पडून असलेल्या माणसाला चॅनेल बदलण्यासाठी दर वेळी कुणाला हाक मारावी लागू नये, एवढे जरी साधले तरी ही खटपट सार्थकी लागली.

आता सगळे जोडून झाले आहे, कळ दाबली आहे आणि टीव्ही ढिम्म आहे. अशा वेळी बहुतेक जण एकदम तीन गोष्टी बदलतात: सेल नवे घालतात, प्रोग्राम पुन्हा चढवतात, एखादी तार उपटून दुसरीकडे लावतात. मग रिमोट चालू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही आणि आठवडाभराने तोच बिघाड परत येतो. म्हणून आजचा सगळा भाग बिघाड शोधण्याच्या क्रमावर आहे.

विहिरीवरची मोटार सुरू आहे, पण शेताच्या टोकाला पाणी पोचत नाही, तेव्हा शेतकरी पाइपाच्या साधारण मध्यावरचा जोड उघडून पाहतो. तिथे पाणी असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. एका तपासणीत अर्धी लाइन संशयातून सुटते. आपल्या जोडणीचा मध्य म्हणजे ऑप्टोकपलर. त्याच्या एका बाजूला संगणक आणि अर्डुइनो, दुसऱ्या बाजूला रिमोट. दोन्ही बाजूंमध्ये तांब्याची तार नाही, फक्त आतल्या एलईडीचा प्रकाश पलीकडे जातो.

पहिली तपासणी इथेच करायची. यूएसबी केबल काढून ठेवा. रिमोटमध्ये सेल असू द्या. ऑप्टोकपलरचे पाय ३ आणि ४ एका छोट्या तारेने क्षणभर जोडा. टीव्हीने आज्ञा पाळली, तर रिमोटची बाजू ठीक आहे आणि दोष संगणकाच्या बाजूला आहे. पाळली नाही, तर संगणकाला हात लावू नका.

आधी रिमोटची बाजू पाहू. दोन नव्या सेलचे मिळून मीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसतात. २.४ च्या खाली आले असतील तर सेल बदला. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि उन्हाळाभर रिमोटमध्ये राहिलेले सेल पाझरतात. स्प्रिंगवर पांढरट किंवा हिरवट थर दिसला, तर तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. नंतर मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडावर धरून बटण दाबा. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट लुकलुक दिसते. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहा.

मूळ बटण दाबल्यावर लुकलुक होते, पण पाय ३ आणि ४ जोडल्यावर होत नाही, तर सोल्डरचा सांधा तपासा. बऱ्याच रिमोटमध्ये बटणाखालचे काळे ठसे कार्बनच्या शाईचे असतात आणि त्यावर सोल्डर धरत नाही. वरून चिकटल्यासारखे दिसते, पण वीज वाहत नाही. ठशापासून निघणाऱ्या तांब्याच्या रेषेवरचा हिरवा लेप हळूच खरवडून तार तिथे जोडा. याउलट काहीही न दाबता सतत लुकलुक होत असेल, तर सोल्डर सांडून दोन रेषा जुळल्या आहेत.

मूळ बटणानेही लुकलुक नसेल, तर बोर्डवरचा रेझोनेटर पाहा. अनेक रिमोटमध्ये तो ४५५ किलोहर्ट्‌झचा असतो. त्याला १२ ने भागले की जवळपास ३८ किलोहर्ट्‌झ मिळतात आणि टीव्हीतला रिसीव्हर त्याच गतीची लुकलुक ओळखतो. रिमोट हातून पडला की आत तडकतो तो बहुधा हाच.

आता संगणकाची बाजू. सुरुवात केबलपासून करा. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या नसतात. अर्डुइनोवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. स्वस्त बोर्डवर सीएच ३४० ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागू शकतो. अर्डुइनो आणि संगणक, दोन्हीकडची सिरियल गती सारखी, म्हणजे इकडे ९६०० तर तिकडेही ९६०० हवी.

एक खोड मात्र हमखास फसवते. संगणकाने सिरियल पोर्ट उघडताच उनो रिसेट होतो आणि पहिले एक-दोन सेकंद काहीच ऐकत नाही. त्या वेळात पाठवलेली आज्ञा हरवते. म्हणून पोर्ट एकदा उघडून तसाच ठेवा आणि पहिल्या आज्ञेपूर्वी दोन सेकंद थांबा.

त्यानंतर ऑप्टोकपलरच्या पाय १ आणि २ वर मीटर लावा. आज्ञा देताच साधारण १.२ व्होल्ट दिसले, तर आतला एलईडी पेटतो आहे. शून्य दिसले, तर प्रोग्राममधला पिन क्रमांक आणि तार तपासा. पाचच्या जवळ दिसले, तर पाय उलटे लागले आहेत किंवा एलईडी जळाला आहे. ३३० ओहमचा रेझिस्टर लावला असेल तर त्यातून ११ मिलिअँपियरच्या आसपास वीज जाते आणि तेवढी पुरते.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठीक असून एकत्र चालत नसतील, तर पाय ३ आणि ४ अदलाबदल करून पाहा. तारेने दोन्ही दिशांना वीज जाते, ऑप्टोकपलरमधून एकाच. आणखी एक कारण वेळेचे. २० मिलिसेकंदांचा दाब रिमोट बटणाच्या स्पर्शातली थरथर समजून सोडून देऊ शकतो. अर्धा सेकंद दाबला, तर आवाज भराभर चढतो, कारण एनईसी पद्धतीत बटण दाबून ठेवले की सुमारे दर ११० मिलिसेकंदांनी पुनरावृत्तीचा संकेत जातो. १५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. रात्री चालणारा रिमोट दुपारी चालत नसेल, तर टीव्हीच्या तोंडावर थेट ऊन येते का पाहा. उन्हातही हाच अदृश्य प्रकाश भरपूर असतो.

ऑप्टोकपलर गाळून अर्डुइनोचा ५ व्होल्टचा पिन थेट रिमोटला जोडू नका. तसे केले, तर कधी कधी सेल काढल्यावरही रिमोट चालतो, कारण त्याला संकेताच्याच तारेतून वीज मिळू लागते. रिमोटमधली ३ व्होल्टची चिप मरण्याची ही पायरी आहे. थेट जोडणीची उदाहरणेही आहेत: अमेरिकेत युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्सच्या काही रिमोटमध्ये सेलच्या खणात ‘जेपी १’ नावाची सहा पिनांची जागा असे. तिथून हौशी लोक संगणकाच्या पॅरलल पोर्टने आतली मेमरी वाचत आणि बदलत. त्यांनाही व्होल्टेज आणि ग्राउंड आधी तपासावे लागे.

साधन सहज दुरुस्त करता यावे, या विचाराला मोठा आधार आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा १५० रुपयांहून महाग नसावा, २० वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. दुरुस्ती हा तिथे रचनेचाच भाग होता. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगाची साधने पाहाल, तेव्हा प्रत्येक साधनाचा कोणता भाग झिजेल आणि तो कसा निघतो, एवढे जरूर पाहा.

आपल्या जोडणीलाही तीच कसोटी लावू या. प्रत्येक तारेवर चिठ्ठी लावा. ऑप्टोकपलर सॉकेटमध्ये बसवा, म्हणजे सोल्डर न काढता बदलता येईल. पाय १ ते ४ वर मीटरची टोके टेकतील एवढी जागा मोकळी सोडा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. तुम्ही गावी नसताना घरातल्या दुसऱ्या कुणाला ती वही पाहून रिमोट चालू करता आला, तरच तो पूर्ण झाला असे समजा.

पुढच्या आठवड्यात रिमोट न उघडता त्याचे संकेत संगणकाला शिकवू. त्यासाठी टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर आणून ठेवा. त्याचे पाय डावीकडून ग्राउंड, व्होल्टेज, आउटपुट असे असतात, तर टीएसओपी ४८३८ चे आउटपुट, ग्राउंड, व्होल्टेज. जोडण्यापूर्वी अंगावरचा क्रमांक वाचा.