विदूषक मासा असा का वागतो?

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटाएवढा मासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. २००३ साली निघालेल्या ‘फाइंडिंग निमो’ या सिनेमातला निमो तो हाच. सर्कशीतल्या विदूषकासारखा रंगीबेरंगी, म्हणून याचे नाव विदूषक मासा. इंग्रजीत त्याला क्लाउनफिश म्हणतात.

हिंदी व पॅसिफिक महासागरांतील कोमट, उथळ पाण्यात पोवळ्यांच्या खडकांजवळ तो राहतो. आपल्या देशात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथे तो सापडतो. हल्ली पुष्कळ लोक त्याला घरी काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात पाळतात. मग एके दिवशी घरात गलका होतो. “अरे, मासा आडवा झालाय! थरथर कापतोय! आजारी पडला वाटतं!” कोणी घाईने पाण्यात औषध ओतते, कोणी त्याला जाळीने उचलून दुसऱ्या भांड्यात टाकते. अशा धांदलीत चांगला धडधाकट मासासुद्धा दगावू शकतो. म्हणून त्याची रीत आधी समजून घेऊ या.

समुद्रातले घर

समुद्रात हा मासा समुद्रपुष्पात राहतो. समुद्रपुष्प दिसते फुलासारखे, पण तो प्राणी आहे बरं का! त्याच्या बोटांसारख्या शुंडकांना विषारी डंख असतात. विदूषक माशाच्या अंगावर चिकट थर असतो. त्यामुळे त्याला डंखाची बाधा होत नाही. शत्रू आला की हा त्या काटेरी घरात दडतो. त्याबदल्यात समुद्रपुष्प खायला येणाऱ्या माशांना तो हुसकून लावतो. दोघांचेही भले होते.

एका समुद्रपुष्पात एक छोटे कुटुंब असते. सर्वांत मोठी मादी, ती घरची कारभारीण. तिच्याहून लहान तिचा नर. बाकीचे आणखी लहान. आता खरी गंमत ऐका. हे मासे मोठे होताना आधी नर होतात. मादी मेली की तिचा नर हळूहळू स्वतःच मादी बनतो आणि लहानांपैकी मोठा मासा नराची जागा घेतो! हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी लिहिले. म्हणजे खऱ्या समुद्रात निमोची आई गेल्यावर त्याचे बाबाच मादी झाले असते!

पेटीत आणले तरी मासा हे नियम विसरत नाही. आता त्याचे ‘विचित्र’ वागणे एकेक करून पाहू.

१) थरथरणे. मोठा मासा जवळ आला की लहान मासा कुशीवर कलून अंग थरथरवतो. हा ताप नव्हे. “तू मोठी, मी लहान, मला मारू नकोस,” असे तो सांगत असतो. आपण वडील माणसांना वाकून नमस्कार करतो, तसेच काहीसे. म्हणून उगाच जोडी मोडू नये, नाहीतर तंटा नव्याने सुरू होऊ शकतो. मात्र पर फाटेपर्यंत मारामारी होत असेल, लहानाला घासही मिळत नसेल, तर दोघांना वेगळे करावेच लागते.

२) रात्री आडवे होणे. समुद्रात तो समुद्रपुष्पाच्या कुशीत झोपतो. पेटीत समुद्रपुष्प नसले तर एखादा कोपरा धरून, कधी पाण्याच्या वरच्या थरात, कलता होऊन झोपतो. सकाळी दिवा लागल्यावर नीट पोहू लागला की काळजी नको.

३) भलतीच वस्तू धरून बसणे. समुद्रपुष्प नसले म्हणजे मासा मातीची कुंडी, दगड, कधी चक्क पंपसुद्धा आपले घर मानतो.

४) दगड चाटणे आणि हाताला चावणे. जोडी एखादा दगड तोंडाने घासून साफ करू लागली, तर समजावे की अंडी घालायची तयारी चालली आहे. अंड्यांची राखण मुख्यतः नर करतो. परांनी वारा घालावा तसे तो त्यांच्यावर पाणी खेळवतो. साधारण सहा ते दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर पिल्ले बाहेर येतात. या काळात पेटीत हात घातला की मासे चावतात. तो राग नव्हे, ती माया आहे.

मग आजार कसा ओळखावा?

मासा दिवसाही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतो, घास टाकला तरी येत नाही, दगडावर अंग खरवडतो, अंगावर पांढरी भुकटी किंवा शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसतो. अशा वेळी गप्प बसू नये. औषधाआधी पाणी तपासावे. उरलेले खाणे आणि माशांची विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला जीवघेणा असतो. तेवढ्याच खारट आणि तेवढ्याच कोमट ताज्या पाण्याने थोडे पाणी बदलावे, हवेचा पंप नीट चालतो का पाहावे आणि लगेच जाणकाराला विचारावे.

पालकांनाही एक विनंती. नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षेसुद्धा जगू शकतो. मुलाने हट्ट केला म्हणून आणला आणि महिन्यात कंटाळा आला, असे होऊ नये. आणायचाच झाला तर समुद्रातून पकडलेला नको, माणसाने पैदास केलेला घ्यावा. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने अशी पैदास आपल्या देशात करून दाखवली आहे.

मुक्या जिवाला बोलता येत नाही. तो वागण्यातून बोलतो. गोठ्यातली गाय हंबरली की ती भुकेली आहे की वासराला बोलावते आहे, हे आपल्या घरच्यांना बरोबर कळते. कारण ते रोज तिच्याकडे लक्ष देतात. माशाचेही तसेच आहे. आधी पाहावे, मग समजून घ्यावे आणि त्यानंतरच पेटीत हात घालावा.