प्रशीतके, पर्यायी

शीतकपाट, वातानुकूलक इ. साधनांत आळीपाळीने बाष्परूप व द्रवरूप होऊन उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाला प्रशीतक म्हणतात. अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड ही आरंभीची प्रशीतके विषारी होती. म्हणून १९३० च्या सुमारास आलेली अज्वालाग्राही क्लोरोफ्ल्युओरोकार्बने आदर्श मानली गेली. त्यांतील क्लोरिनामुळे ओझोन थराचा ऱ्हास होऊ शकतो, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. माँट्रिऑल करारानंतर (१९८७) ती मागे पडली. तथापि त्यांच्या जागी आलेली हायड्रोफ्ल्युओरोकार्बने वातावरण तापविण्यात फारशी मागे नव्हती. त्यांचा वापर घटविण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे कराराला दुरुस्ती करण्यात आली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या तुलनेत शंभर वर्षांत किती तापन होते, त्यावरून प्रशीतकाची तापनक्षमता ठरवितात. आर–४१०ए या मिश्रणाची ती सु. २,०८८, आर–३२ ची ६७५, तर आर–२९० म्हणजे प्रोपेनाची अवघी ३ च्या आसपास आहे. केवळ या आकड्यावरून निवड करणे मात्र फसवे ठरते. समजा, एक वातानुकूलक वर्षाला १,००० युनिट वीज घेतो. भारतात एका युनिटामागे सु. ०·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो; म्हणजे दहा वर्षांत ७,००० किग्रॅ. पर्यायी प्रशीतकामुळे विजेचा खर्च दहा टक्के वाढला, तर ७०० किग्रॅ.ची भर पडेल. ०·७ किग्रॅ. आर–३२ संपूर्ण गळून गेला तरी त्याचा परिणाम सु. ४७० किग्रॅ. एवढाच होतो. याउलट १ किग्रॅ. आर–४१०ए गळाल्यास दोन हजारांवर किग्रॅ.ची हानी होते. म्हणून गळती व वीज यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

या कसोटीवर प्रोपेन चांगला उतरतो. त्याचा उकळबिंदू (−४२° से.) व इतर गुण जुन्या आर–२२ शी मिळतेजुळते आहेत. ज्वालाग्राहीपणा हा त्याचा मोठा दोष. त्यामुळे यंत्रात तो थोडाच भरतात आणि दुरुस्तीसाठी प्रशिक्षित कारागीर अनिवार्य ठरतो. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने असे वातानुकूलक तयार केले. ते २०१२ मध्ये बाजारात आले.

कार्बन डाय-ऑक्साइड अज्वालाग्राही व स्वस्त आहे. परंतु ३१° से.च्या वर तो द्रवरूप होत नाही, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात त्याची कार्यक्षमता बरीच घसरते. अमोनियाची तापनक्षमता शून्य असून शीतगृहांत तो आजही वापरतात; घरात मात्र त्याची विषारी गळती परवडणारी नाही. मोटारगाड्यांतील आर–१२३४वायएफ वातावरणात लवकर विघटित होतो, पण त्यापासून बनणारे ट्रायफ्ल्युओरोॲसिटिक अम्ल पाण्यात दीर्घकाळ टिकून राहते.