सेटल होण्याची १२ हजार वर्षं

लग्नाचा हॉल असो की गणपतीची आरती, कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू झालं की एक प्रश्न ठरलेला. ‘मग, पुढे काय? सेटल कधी होणार?’ विचारणारे काका, मावशी मनाने वाईट नसतात. पण त्या एका शब्दात नोकरी, फ्लॅट, ईएमआय, लग्न असं सगळं पॅकेज आलेलं असतं. आणि रात्री जरा उशिरा घरी पोहोचलो की दारातच ऐकू येतं, ‘कुठे भटकत होतास इतका वेळ?’ म्हणजे सेटल होणं चांगलं आणि भटकणं वाईट, हे आपल्या बोलण्यातच ठरून गेलंय.

गंमत अशी, की माणूस म्हणून आपली प्रजाती साधारण ३ लाख वर्षं जुनी आहे आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त वर्षं ती भटकतच होती. शेतीला सुरुवात होऊन जेमतेम १२ हजार वर्षं झालीत. शाळेच्या पुस्तकात ही सगळी गोष्ट एका परिच्छेदात उरकते: आधी शिकार, मग शेती, मग गाव, मग नगर. एकेक पायरी चढत वर गेल्यासारखी. पण जमिनीखालून निघालेली हाडं काही वेगळंच सांगतात.

पायाच्या अंगठ्याची साक्ष

सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचं एक टेकाड होतं. ‘होतं’ म्हणायचं कारण नदीवर धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. धरण भरण्याआधी, १९७२ आणि १९७३ मध्ये, अँड्र्यू मूर आणि त्यांच्या टीमने तिथे घाईघाईत उत्खनन केलं. त्यातून कळलं की सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी लोक इथे येऊन राहिले होते. तेव्हा त्यांची शेती नव्हती. आसपास रानटी धान्य आणि हरणांचे कळप इतके होते की फार हलायची गरजच पडत नव्हती. म्हणजे इथे आधी मुक्काम आला आणि शेती नंतर. पुस्तकातला क्रम इथेच उलटा होतो.

शेतीसुद्धा ‘चला, आजपासून आपण शेतकरी’ असं ठरवून आली नाही. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळून पडतात. रोपाच्या दृष्टीने तेच सोयीचं, कारण बी पसरतं. काही मोजक्या रोपांत मात्र दाणे ओंबीला चिकटून राहतात. कापणी करणाऱ्याच्या हाताला तेच जास्त लागणार आणि पुढच्या वर्षी त्यातलेच पेरले जाणार. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहिलं आणि शेवटी असा गहू तयार झाला, ज्याला माणसाशिवाय स्वतःचं बीही पसरवता येत नाही. तोवर माणसाचंही त्याच्याशिवाय चालेनासं झालं होतं.

याची किंमत कुणी मोजली? अबू हुरेरात सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला. पायाच्या अंगठ्याचे सांधे खराब झालेले, गुडघ्यांच्या हाडांवर खुणा, कमरेच्या मणक्यांना इजा. आणि हे सगळं प्रामुख्याने बायकांच्या सांगाड्यांत. कारण ऐकलं तर तुमच्या आजीला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, पुढे-मागे झुकत, पाट्यावरवंट्यासारख्या दगडांवर रोज कित्येक तास धान्य दळणं! धान्य पोटात जाण्याआधी एवढं सगळं करावं लागायचं. कंद उकरून भाजणाऱ्याला हा व्याप नव्हता.

मग माणूस परत का फिरला नाही? एक मोठं कारण म्हणजे मुलं. सतत चालणाऱ्या बाईच्या कडेवर एका वेळी एकच मूल मावतं. एका जागी राहायला लागल्यावर दोन मुलांमधलं अंतर कमी झालं आणि खाणारी तोंडं वाढली. एवढ्या तोंडांना निव्वळ शिकारीवर आणि कंदमुळांवर जगवणं शक्य नव्हतं. हप्ता एकदा सुरू झाला की मधेच सोडता येत नाही, तसलाच प्रकार.

साठा आला, हिशेब आला

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण म्हणतो. भटक्या माणसाचा संसार तेवढाच, पाठीवर मावेल इतका. हॉस्टेल सोडताना आपल्यालाही हे कळतं. येताना एक बॅग असते, जाताना टेम्पो बोलवावा लागतो. एका जागी राहिलं की वस्तू साठतात. माणसाने साठवलं ते धान्य.

आजच्या पाकिस्तानात, बलुचिस्तानातल्या बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ आहे. इ.स.पू. ७००० च्या सुमारास तिथले लोक गहू आणि जव पिकवत होते, गुरं पाळत होते. कच्च्या विटांच्या, लहान लहान कप्प्यांच्या इमारती तिथे सापडल्या. त्यातल्या काही धान्याची कोठारं असाव्यात, असं मानतात.

कोठार आलं की त्याला राखण लागते. कुणी किती आणलं, कुणी किती नेलं, हे लक्षात ठेवावं लागतं. थोडी माणसं असतील तर तोंडी भागतं, हजारो असतील तर नाही. आजच्या इराकमधल्या उरुक शहरात, ५ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, कुणीतरी ओल्या मातीच्या पाटीवर खुणा कोरल्या. जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणात त्यांची गणना होते. त्यात प्रेमपत्र नाही की कविता नाही. बहुतेक पाट्यांवर हिशेब आहे: जव किती, बिअर किती, मेंढ्या किती. म्हणजे लिपी कवीच्या आधी कारकुनाच्या हातात आली! कॉमर्सवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

साधारण ४५०० वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोत आखीव रस्ते आहेत, गटारं आहेत आणि दगडी वजनं आहेत. हडप्पा संस्कृतीच्या दूरदूरच्या शहरांत या वजनांचं माप एकच. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा तर वजन सारखं हवं. याला आपण नागरी संस्कृती म्हणतो. तिची सुरुवात मात्र शिल्लक उरलेल्या धान्यापासून झाली.

इनामगावची माणसं

आता जरा आपल्याकडे येऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभरहून जास्त घरं उजेडात आली. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. जव पिकवायचं, नदीचं पाणी पाटाने शेताकडे वळवायचं.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला धान्याचं कोठार. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात, मांडी घालून बसवलेल्या स्थितीत, एका पुरुषाला पुरलेलं होतं. बाकीच्यांच्या वाट्याला असा थाट नव्हता. कोठार कुणाकडे आणि मान कुणाला, याचं उत्तर तेव्हाही एकच असावं.

इतर मोठ्या माणसांना घरातल्या जमिनीखालीच पुरत. पुरण्याआधी त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत. मेलेल्या माणसाने उठून कुठे निघून जाऊ नये, म्हणून ही प्रथा असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. सेटल होण्याची ओढ किती, तर मेल्यावरसुद्धा जागा सोडायची नाही!

आणि तरीही इनामगाव उठलं. इ.स.पू. १००० नंतर हवामान कोरडं होत गेलं. चौकोनी, ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा भरवसा कमी झाला, शिकार वाढली, लोक अर्धे भटके झाले. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. मेलेल्यांची पावलं तोडणाऱ्यांनी स्वतःची पावलं मात्र उचलली. त्यांचं काही चुकलं होतं का? नाही. पाऊस बदलला, तसे तेही बदलले.

म्हणजे हा जिना फक्त वर जाणारा नाही. माणसं स्थिरावली, उठली, पुन्हा स्थिरावली. पण ‘स्थिर तो शहाणा, भटका तो संशयित’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की १८७१ मध्ये इंग्रजांनी त्याचा कायदाच केला आणि अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण ज्याचा कायमचा पत्ता नाही, त्याला आजही कागदाच्या प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं पाहताना आपल्याला दया येते, नाहीतर कंटाळा. आपणही त्याच वाटेने आलोय, हे काही आठवत नाही.

तेव्हा पुढच्या लग्नात काकांनी विचारलं, ‘सेटल कधी होणार?’ तर चिडू नका. बसा त्यांच्या शेजारी आणि सांगा, ‘काका, माणसाला पहिल्यांदा सेटल व्हायलाच हजारो वर्षं लागली, आणि झाल्यावरही तो कितीदा उठून चालायला लागला. मला दोन-चार वर्षं तरी द्याल ना?’