वंशावळी-संशोधनातील तंत्रविद्या

पूर्वजांची परंपरा पुराव्यानिशी निश्चित करण्यासाठी वापरण्यात येणारी सूचीविषयक, छायाचित्रीय, संगणकीय व जीववैज्ञानिक साधने या विषयात मोडतात. एखाद्या साधनाचे नावीन्य ठरविताना त्याच्या वेगापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : त्याने संशोधकाची कोणती अडचण दूर केली आणि मूळ नोंद पडताळून पाहण्याची सोय राखली किंवा नाही.

सर्वांत चिवट अडचण नावांच्या लेखनाची होय. लेखनिक आडनाव कानाला येईल तसे लिहीत. त्यामुळे वर्णानुक्रमी सूचीत एकाच घराण्यातील माणसे दूरदूर विखुरतात. रॉबर्ट सी. रसेल याने अमेरिकेत 1918 मध्ये एकस्व मिळविलेल्या पद्धतीत नावांचे वर्गीकरण उच्चारावरून केले होते. तीतून निघालेल्या ‘साउंडेक्स’ पद्धतीत आद्याक्षर कायम ठेवून पुढील स्वर गाळतात व सदृश व्यंजनांना एकच अंक देतात. स्मिथ हे नाव रोमन लिपीत ‘आय’ने लिहिले काय किंवा ‘वाय’ने, संकेत एस-530 हाच येतो. 1930 नंतरच्या दशकात बेकार लेखनिकांकडून जुन्या जनगणनांच्या अशा कार्डसूची करवून घेण्यात आल्या. त्यामागील हेतू वंशसंशोधनाचा नव्हता. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार निवृत्तिवेतनासाठी वयाचा पुरावा हवा होता. म्हणूनच 1880 च्या जनगणनेच्या सूचीत दहा वर्षांपर्यंतची मुले असलेली कुटुंबेच आढळतात. सूचीत नाव नाही म्हणून माणूसच नव्हता, असे अनुमान येथे फसते.

ही पद्धत इंग्रजी वळणाच्या नावांसाठी होती. मोस्कोविट्झ हे ज्यू आडनाव ‘डब्ल्यू’ने लिहिल्यास संकेत एम-232, तर ‘व्ही’ने लिहिल्यास एम-213 येतो. दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर विखुरलेल्या ज्यू कुटुंबांच्या शोधात हा दोष फार जाचक ठरे. कारण पुष्कळदा यादीतील नाव एवढाच दुवा उरलेला असे. 1985 मध्ये गॅरी मोकोटॉफ व रँडी डेच यांनी पूर्व यूरोपीय उच्चार लक्षात घेऊन सहा अंकी संकेत योजले. त्यांत वरील दोन्ही रूपांना 645740 हाच संकेत मिळतो. वरवर क्षुल्लक वाटणारी ही सुधारणा या क्षेत्रातील अस्सल नवकल्पनांपैकी एक होय.

यूटा वंशावळी संस्थेने 1938 मध्ये दप्तरांचे सूक्ष्मपट घेण्यास आरंभ केला. सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरातील तिच्या भांडारात सुमारे 24 लाख सूक्ष्मपट जमले. 2021 मध्ये त्यांचे संगणकीय रूपांतर पूर्ण झाले. हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांचेही सूक्ष्मपट या संस्थेने घेतले. या वह्यांची मांडणी मुख्यत्वे यजमानांचे मूळ गाव व जात यांनुसार असते, त्यामुळे उच्चारानुसारी सूचीचा तेथे उपयोग थोडा. नासिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडील जुन्या मोडी नोंदींबाबत तर छायाचित्र घेतल्यावरही निम्मे काम उरते; ते लिपी वाचणाऱ्याचे.

1984 मध्ये प्रसृत झालेल्या ‘जेडकॉम’ या संकेतप्रणालीमुळे वंशवृक्षांची देवघेव संगणकांमधून सुलभ झाली. त्याबरोबर चुकांचा प्रसारही सुलभ झाला. आधार न देता उतरवून घेतलेला एकच चुकीचा पिता शेकडो वंशवृक्षांत शिरतो आणि मग त्याची पुनरावृत्तीच पुरावा भासू लागते.

डीएनए-परीक्षणाने कागदाबाहेरचा पुरावा उपलब्ध करून दिला. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे, तर कलकणूंतील डीएनए मातेकडून अपत्यांकडे जाते. 1485 मध्ये रणांगणावर पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टर येथे सापडला. त्याच्या बहिणीच्या मातृवंशातील हयात व्यक्तींशी त्याचे कलकणू-डीएनए जुळले. मात्र 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कागदोपत्री त्याच्या पितृवंशातील मानल्या जाणाऱ्यांशी वाय गुणसूत्र जुळले नाही. म्हणजे त्या परंपरेत कोठेतरी खंड पडला होता.

2018 मध्ये कॅलिफोर्नियात पोलिसांनी ‘जेडमॅच’ या वंशावळी-संकेतस्थळावरील दूरच्या नातलगांच्या नमुन्यांवरून जुन्या खुनांतील आरोपी शोधून काढला. नमुना एकाचा असला, तरी त्यातून ज्यांना विचारलेही नव्हते अशा आप्तांची ओळख उघड होते, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. 2019 मध्ये या संकेतस्थळाने, स्वतःहून संमती देणाऱ्यांचे नमुनेच अशा पोलीस-तपासासाठी खुले ठेवण्याचा नियम केला.