एक जण नाही म्हणाला, म्हणजे नाही

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथे मतदान फक्त सरकारी निवडणुकीत होतं. गावाचे स्वतःचे निर्णय सर्वसहमतीनेच.

ग्रामसभेत मी मागे बसलो होतो. बोलणं गोंडीत, शेजारचा तरुण अधूनमधून मराठीत सांगे. यंदा बांबूची तोड कुठे घ्यायची, हा विषय. बहुतेकांचं ठरल्यासारखंच होतं, पण एक म्हातारबा काही केल्या राजी होईनात. तिकडच्या बांबूच्या बेटांत कोंब कमी आलेत, एक साल राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. हात वर करायला लावले असते तर विषय तिथेच मिटला असता. कुणी लावले नाहीत. बरीच बोलाचाली झाली, बायाही बोलल्या, आणि ठरलं ते इतकंच: आधी चार जणांनी जाऊन बेटं बघून यायची.

तोड पाहिली की म्हातारबांचा मुद्दा पटतो. बेटात कोवळ्या काठ्या कडेला असतात, जुन्या मधोमध. घाईतला माणूस हाताला लागेल ती कडेची काठी तोडतो आणि बेट खंगतं. जाणता तोडणारा अंग चोरून आत शिरतो आणि जमिनीलगतच्या गाठीच्या किंचित वर घाव घालतो, खुंटात पाणी साचू नये म्हणून.

हे जंगल गावाला सहज मिळालेलं नाही. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. परवान्यांचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती पडलं ते एप्रिल 2011 मध्ये. द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. 2013 मध्ये गावाने ग्रामदान केलं, म्हणजे आपली सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे केली. या साऱ्यामागे गावाने कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत चालवलेला अभ्यासगट आहे. तिथे नुसतं समजून घ्यायचं. ठरवायचं ते ग्रामसभेत. ही फारकत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. आमच्या सोसायटीत ठराव दहा मिनिटांत बहुमताने मंजूर होतो आणि हरलेले वर्षभर तो हाणून पाडतात.

पण एखादा हटून बसला तर सगळं गाव अडून राहणार. शेजारच्या तरुणाला तसं विचारलं.

‘‘बसते ना कधी कधी,’’ तो म्हणाला. ‘‘मंग त्याच्या घरी जावं लागते.’’